हेड पॅकिंग बदलूनही पाणी कमी होतंय: ब्लॉक दुरुस्त करायचा की बदलायचा?

तक्रार ठरलेली असते. रोज सकाळी रेडिएटरमध्ये अर्धा-पाऊण लिटर पाणी घालावं लागतं, खाली थेंबही दिसत नाही आणि भरलेल्या ट्रॉलीला किंवा चढाला तापमानाचा काटा वर सरकतो. मेकॅनिक हेड पॅकिंग बदलतो. काही दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा पॅकिंग बदलताना हेडला फेस मारून (मशिनवर सपाट करून) आणतो, तरी महिन्याभरात पाणी कमी व्हायला लागतं. तिसऱ्या वेळी तो हात झटकतो: "ब्लॉक गेलाय, इंजिन बदला." ब्लॉक म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य सांगाडा; हेड त्यावर बसतं आणि पॅकिंग त्या दोघांच्या मधे.

मी रीबोअरिंगचं (झिजलेले सिलिंडर पुन्हा कापण्याचं) काम करतो, म्हणजे इंजिन माझ्यापर्यंत येतं ते उघडूनच. "ब्लॉक तडकलाय" असं सांगून आणलेल्या कित्येक ब्लॉकना तडा नसतोच. उलट, "थोडी चीर आहे, वेल्डिंग मारून द्या" म्हणून आलेला ब्लॉक थेट भंगारात घालावा असाही निघतो. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही फसवतात. खालची उदाहरणं मुख्यतः तीन सिलिंडरच्या, ओल्या लायनरच्या (सिलिंडरची बदलता येणारी नळी, जिला बाहेरून पाणी लागतं) ट्रॅक्टर इंजिनाची आहेत, कारण आमच्याकडे ऊस वाहतुकीच्या हंगामात तीच जास्त येतात. जीप-टेम्पोच्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ब्लॉकलाही बहुतेक गोष्टी लागू पडतात.

इंजिन उघडण्याआधी

इंजिन एकदा उघडलं की निम्मे पुरावे जातात, म्हणून आधी बाहेरूनच शक्य तेवढं पाहून घ्या.

रात्रभर थंड झालेलं इंजिन, रेडिएटरचं झाकण उघडं, पाणी काठापर्यंत. चालू करा. पहिल्या मिनिटातच, पाणी गरम व्हायच्या आत, सतत बुडबुडे येत असतील तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा होती, तिच्याकडे दुर्लक्ष करा. झाकण लावून चालू केल्यावर वरचा होज इंजिन थंड असतानाच टणक झाला, तरी अर्थ तोच.

आता चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीचा, ड्रेन बोल्ट. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर तो अगदी हळू सैल करा. ऑइलच्या आधी पाणी टपकलं तर पाणी चेंबरमध्ये उतरतंय. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसला म्हणून घाबरू नका. थंडीच्या दिवसांत थोडं थोडं चालवलेल्या इंजिनात वाफेचा तसा फेस जमतो. पण डिपस्टिकवरचं सगळं ऑइल दुधाळ असेल तर इंजिन चालवू नका, आधी मेटल (क्रँकशाफ्टची बेअरिंग) जातील आणि मग क्रँक.

तिसरी तपासणी मला सगळ्यांत उपयोगी वाटते, आणि ती फार थोडे जण करतात. नोझल (डिझेल फवारणारा इंजेक्टर) काढा, त्या भोकात कॉम्प्रेसरचा पाइप बसेल असं अडॅप्टर लावा, पिस्टन वरच्या टोकाला आणा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ओट लावा आणि ५-६ बार हवा सोडा. क्रँकजवळ कुणाचा हात नको, पिस्टन झटका देऊ शकतो. मग रेडिएटरकडे बघा. एकेक सिलिंडर असं तपासलं की दाब कुठल्या सिलिंडरमधून पाण्यात जातोय ते कळतं. दोषी पॅकिंग, हेड, लायनर की ब्लॉक, हे यातून ठरत नाही. पण उघडल्यावर नजर कुठे लावायची ते ठरतं, आणि तेवढ्यानं पुढचं अर्धं काम होतं.

कुठल्याच सिलिंडरमधून बुडबुडे नाहीत, तरी पाणी जातंय? मग झाकणाची स्प्रिंग, वॉटर पंपाचं सील, होजचे क्लिप आणि ऑइल कूलर बघा. झाकणाला कुणी विचारतच नाही. सुमारे १ बार दाब धरणारं झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास नेतं. स्प्रिंग गेली की पाणी शंभराच्या आतबाहेरच उकळून ओव्हरफ्लोनं जातं आणि नाव ब्लॉकचं होतं. ऑइल कूलर फुटला तर इंजिन चालू असताना ऑइल पाण्यात येतं, कारण ऑइलचा दाब जास्त असतो. बंद झाल्यावर पाणी ऑइलमध्ये जाऊ शकतं. रेडिएटरमध्ये तेलकट थर आणि सिलिंडरमधून एकही बुडबुडा नाही, असं दिसलं की आधी कूलर काढून तपासा.

पॅकिंग पुन्हा पुन्हा का जाते

उघडल्यावर पहिला संशय हेडवर घ्या. बिडाच्या हेडला दोन वॉल्व्हच्या मधे, किंवा वॉल्व्ह आणि नोझलच्या भोकाच्या मधे तडा जाणं हे ब्लॉक तडकण्यापेक्षा कितीतरी नेहमीचं आहे. फेस मारून आणलेलं हेड म्हणजे तपासलेलं हेड नव्हे. पाण्याची भोकं प्लेट आणि रबरनं बंद करून, ७०-८० अंश गरम पाण्यात बुडवून, आत हवा सोडून बघायला सांगा. गार हेड दाब धरतं आणि तापलं की सोडतं. ही चीर गार पाण्यात सापडत नाही.

दुसरा संशय लायनरवर. ओला लायनर ब्लॉकच्या माथ्यापेक्षा किंचित वर असावा लागतो. अनेक इंजिनांत हा उंचवटा ०.०५ ते ०.१५ मिमीच्या आसपास असतो, पण नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. डायल गेजनं प्रत्येक लायनर चार ठिकाणी मोजा. एखादा बसलेला असेल, किंवा शेजारच्या दोघांत बराच फरक असेल, तर पॅकिंग कितीही चांगल्या कंपनीची आणा, ती त्या जागी चेपली जात नाही आणि उडते. लायनरच्या बैठकीवर साचलेला कार्बन न खरवडता नवा लायनर घातला की हेच होतं, फक्त उलट बाजूनं: तो नको तितका वर राहतो, आणि हेड आवळताना बैठकीच्या कोपऱ्यात ब्लॉकच तडकू शकतो.

लायनर बाहेर काढाच. पाण्याच्या बाजूनं, पिस्टनचा जोर ज्या बाजूला येतो तिथे, सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात का पाहा. लायनर थरथरतो, त्याच्याभोवतीच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू खात जातात. साधं पाणी वापरणाऱ्या इंजिनांत हे जास्त. असं एखादं भोक आरपार गेलं की सगळी लक्षणं तडकलेल्या ब्लॉकची दिसतात, आणि इलाज असतो फक्त लायनरचा. खालच्या रबर रिंग चपट्या झाल्या असतील तरी पाणी थेट चेंबरमध्ये उतरतं. काही ब्लॉकना दोन रिंगांच्या मधे बाहेर उघडणारं बारीक भोक असतं. त्यातून पाणी आलं तर रिंग गेल्या. पुष्कळदा ते भोक मातीनं बुजलेलं असतं, नाहीतर आदल्या कुणीतरी एम-सीलनं बंद केलेलं असतं!

राहिला ब्लॉकचा माथा. पोलादी सरळपट्टी आडवी-उभी-तिरकी ठेवून खाली फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) घाला. पूर्ण लांबीत ०.१ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर नुसतं हेडला फेस मारून उपयोग नाही, ब्लॉकलाही मारावा लागेल.

तडा खरंच आहे का

गावात कुठेही होणारी तपासणी रॉकेलची. संशयाची जागा वायर ब्रशनं साफ करा, रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडी पुसा आणि वरून खडू घासा. आत शिरलेलं रॉकेल चिरेच्या रेषेवर ओलं उमटतं. याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे. वेल्डिंगच्या दुकानात मिळतात आणि केसासारखी चीरही दाखवतात. चुंबकीय तपासणी फक्त बिडाला आणि पोलादाला चालते, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला नाही.

या सगळ्यातून पृष्ठभागावरचाच तडा दिसतो. आतल्या वॉटर जॅकेटचं काय, हे दाबाच्या तपासणीतूनच कळतं: लायनर बसवून, भोकं प्लेटनं बंद करून, गरम पाण्यात बुडवलेल्या ब्लॉकमध्ये हवा सोडायची. ही सोय नसलेल्या वर्कशॉपनं "ब्लॉक गेला" म्हटलं, तर तो अंदाज समजा. ब्लॉक गाडीत टाकून जिथे सोय आहे तिथे न्या. त्या फेरीचं भाडं नव्या ब्लॉकच्या किमतीपुढे काहीच नाही.

निकाल जागेवर ठरतो

चिरेच्या लांबीवर जाऊ नका. ती कशाकशातून जाते ते बघा.

बाहेरच्या भिंतीवरची, फक्त पाणी अडवणारी चीर वीतभर लांब असली तरी दुरुस्त होते. तिथे दाब १ बारच्या आसपास, तापमान शंभराच्या आसपास, आणि इंजिनाचा भार त्या भिंतीवर फारसा नाही.

माथ्यावरची, बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत गेलेली चीर मधल्या वर्गात येते. चांगला कारागीर असेल तर शिवण (मेटल स्टिचिंग, खाली सांगितलंय) घालून आणि बोल्टच्या भोकात नवं आट्याचं बुश बसवून ती टिकते. दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवरची चीर जास्त त्रासाची, कारण तिथे धातू कमी आणि उष्णता सर्वाधिक. लायनर नसलेल्या ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या भिंतीला तडा असेल तर तो सिलिंडर बोअर करून आत घट्ट बसणारा कोरडा लायनर घालता येतो, आणि हे काम बऱ्यापैकी भरवशाचं आहे. ओल्या लायनरची बैठक तडकली असेल तर ती मशिनवर कापून रिंग बसवता येते. पण त्यासाठी बोअरिंग मशिनवर ब्लॉक नीट बांधणारा माणूस हवा, हँड ग्राइंडरवाला नव्हे.

मेन बेअरिंगच्या सॅडलला (क्रँक ज्या खाचेत बसतो तिला) किंवा तिथून वर जाणाऱ्या आतल्या भिंतीला तडा असेल तर चर्चा नको, ब्लॉक बदला. क्रँकचा सगळा मार तिथेच बसतो. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण तो जोड सुटला की क्रँक, रॉड आणि बहुधा हेडही घेऊन जातो. मुख्य ऑइल गॅलरीतून (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेतून) पाण्यात उघडलेली चीर, तसंच रॉड तुटून बाजूला पडलेलं भगदाड, यांतही मी बदलायलाच सांगतो. भगदाडावर पत्रा मारता येतो. पण ज्या धक्क्यानं ते पडलं त्यानं सॅडलची रेषा हलली नाही, हे कोण सांगणार?

वेल्डिंग, शिवण आणि इपॉक्सी

बिडात कार्बन अडीच ते चार टक्के असतो आणि करड्या बिडात त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. त्यामुळे बीड दाब झकास सोसतं आणि ताणाला कच्चं पडतं. वेल्डिंगची जागा वितळून पटकन गार झाली की जोडाशेजारी पांढरं, काचेसारखं ठिसूळ बीड तयार होतं. ड्रिलही चालत नाही. शिवाय गार होताना जोड आकसतो आणि शेजारीच नवी चीर जाते. "वेल्डिंग केलेल्या जागी नाही, तिच्या बाजूला फुटलं" ही तक्रार म्हणूनच कायम ऐकू येते.

वेल्डिंग करायचंच असेल तर दोनच रस्ते. एक, पूर्ण ब्लॉक भट्टीत ५००-६०० अंशांपर्यंत तापवून बिडाच्याच काडीनं गॅस वेल्डिंग, आणि मग राखेत किंवा वाळूत पुरून एक-दोन दिवस सावकाश गार करणं. जोड उत्तम होतो, पण ब्लॉक वाकतो. नंतर माथा, सिलिंडर आणि सॅडलची रेषा सगळं पुन्हा मशिनवर घ्यावं लागतं. दुसरा, निकेलची काडी, एका वेळी इंचभराचाच टाका, लगेच हातोडीनं ठोकणं आणि ब्लॉक हाताला सोसेल इतका गार होईपर्यंत थांबणं. सकाळी ब्लॉक दिला आणि दुपारी सलग टाका मारून मिळाला, तर तो न घेतलेला बरा.

शिवण म्हणजे मेटल स्टिचिंग. उष्णता अजिबात नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तिची वाढ थांबवायची. मग चिरेवर एकाला एक लागून, प्रत्येक भोक आधीच्याला थोडं कापेल अशी भोकं पाडून त्यांत आट्याच्या पिना बसवत जायचं, आणि ताण येणाऱ्या जागी चिरेला आडवे लॉक ठोकायचे. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सासच्या तेलक्षेत्रात, जिथे ज्वलनशील वायूमुळे वेल्डिंगची आग परवडत नव्हती, तिथे ही पद्धत रुळली. आज जहाजांच्या भल्यामोठ्या इंजिनांनाही वापरतात. पिना साध्या बोल्टच्या आट्याच्या नकोत. साधा आटा आवळला की पाचरीसारखा चीर फाकवतो. शिवणीच्या खास पिनांचा आटा दोन्ही कडा आत ओढतो. कारागिराला हा एकच प्रश्न विचारा, त्याला काम येतं की नाही ते उत्तरावरून कळेल.

बाहेरच्या भिंतीला धातूमिश्रित इपॉक्सी चालतं, बीड पांढरं दिसेपर्यंत घासलं आणि तेलाचा अंशही ठेवला नाही तर. माथ्यावर, सिलिंडरमध्ये किंवा ऑइलच्या बाजूला नाही. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवण्याची जुनी ड्रायव्हरी युक्ती रात्री घाटातून घरापर्यंत येण्यापुरती ठीक. ती हळद नंतर रेडिएटरच्या नळ्यांत बसते आणि इंजिन आणखी तापतं. बाटलीतले सीलरही त्याच रांगेतले.

पैशाचा हिशोब

लोक शिवणीची किंमत आणि ब्लॉकची किंमत समोरासमोर ठेवतात. तसं करू नका. उघडणं-बांधणं, पॅकिंग सेट, लायनर-पिस्टन, मेटल, ऑइल हा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे. फरक पडतो तो दुसऱ्यांदा उघडायची वेळ आली तर.

समजा हा सामाईक खर्च ४०,००० रुपये आहे. शिवणीचे १२,०००, म्हणजे एकूण ५२,०००. तपासलेला जुना ब्लॉक २५,००० ला, म्हणजे ६५,०००. शिवण टिकली तर १३,००० वाचले. नाही टिकली तर पुन्हा उघडण्याचे १५,००० आणि वर ब्लॉकचे २५,०००, असे ४०,००० अंगावर. म्हणजे शिवण फसण्याची शक्यता साधारण तीनात एकपेक्षा कमी असेल तरच दुरुस्ती परवडते. आता यात हंगाम घाला. गळीत सुरू आहे, ट्रॅक्टर उभा राहिला तर दिवसाचे ४,००० बुडतात आणि दुसऱ्यांदा सहा दिवस जातात. फसल्याचा खर्च ६४,००० झाला. आता पाचात एकपेक्षा जास्त धोका जड जातो. आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

बाहेरच्या भिंतीची चीर या हिशोबात जवळपास नेहमी दुरुस्तीकडे झुकते. सिलिंडरच्या मधल्या पट्टीची चीर पावसाळ्यात, ट्रॅक्टर रिकामा असताना, शिवून बघायला हरकत नाही. दिवाळीनंतर आली तर मी सरळ ब्लॉक बघायला सांगतो. नवा ब्लॉक फक्त तेव्हाच, जेव्हा क्रँक आणि हेड चांगल्या स्थितीत आहेत आणि गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची आहे. जुन्या गाडीचा क्रँक आधीच दोनदा ग्राइंड झाला असेल तर पूर्ण चालू इंजिन शोधणं स्वस्त पडू शकतं.

जुना ब्लॉक घेताना

पैसे देण्याआधी दाबाची तपासणी करून घ्या, ही अट बोलून ठेवा. मेन बेअरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकच्या असल्या पाहिजेत. त्या ब्लॉकसोबतच एका रेषेत बोअर केलेल्या असतात, दुसऱ्या ब्लॉकच्या चालत नाहीत. सिलिंडर किंवा लायनरची बैठक आधी कितीदा कापली आहे ते मोजा.

आणि कागद. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, म्हणजे ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर चुकीचा ठरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते; ट्रॅक्टरही यातून सुटत नाही. विक्रेत्याचं बिल आणि ब्लॉक ज्या गाडीचा होता तिचे कागद घ्या, विमा कंपनीलाही कळवा. जुना नंबर घासून तुमचा ठोकून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. खोडलेला नंबर दिसला की पोलीस आधी चोरीच्या गाडीचाच संशय घेतात.

नवा ब्लॉकही तडकू नये म्हणून

आपल्याकडे ब्लॉक तडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उकळलेल्या इंजिनात ओतलेलं गार पाणी. गाडी तापली की भार काढा, थोडा वेळ आयडलवर ठेवा, मग बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा. पाणी घालायचं ते इंजिन आयडलवर चालू ठेवून, थोडं थोडं. लेह-लडाखला जाणाऱ्यांचं कारण वेगळं: गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि साधं पाणी भरलेला ब्लॉक रात्रीत फुटतो. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी हा त्यावरचा उपाय, आणि लायनरला भोकं पडण्यावरचाही तोच. बोअरवेलचं पाणी नको. त्याचा क्षार सिलिंडरभोवती थर धरतो आणि काटा ठीक दिसत असतानाही आतली भिंत तापत राहते.

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर पाचट आणि धुळीनं बुजतो. हवेचा झोत पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारा. "गरम होतंय" म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह) काढून टाकायची सवयही सोडा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की बायपास उघडाच राहतो, पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतो आणि भाराखाली इंजिन जास्तच तापतं.

शेवटचं कारण गॅरेजमधलं आहे. हेड बोल्टच्या बंद भोकात पाणी किंवा ऑइल साठलेलं असताना बोल्ट आवळला तर ते दाबलं जात नाही, आणि तो जोर भोकाची भिंत फोडतो. बोल्टच्या भोकापासून सुरू झालेल्या चिरा दिसल्या की मला आधी हाच संशय येतो. बांधणीच्या दिवशी स्वतः उभे राहा. प्रत्येक भोक हवेनं फुंकून कोरडं केलंय, टॉर्क पाना वापरलाय, आवळणी मधून बाहेर आणि टप्प्याटप्प्यानं झालीय, एवढं डोळ्यांनी बघा. मग पहिले काही दिवस इंजिन थंड असताना पाण्याची पातळी खूण करून ठेवा आणि डिपस्टिक रोज पाहा. मॅन्युअलमध्ये पुन्हा आवळणी सांगितली असेल तर ती ठरल्या तासांना करून घ्या, आणि तोपर्यंत दोन ट्रॉल्या जोडू नका.